संगणकाचा अंक आणि खांबाचा बाक

बिदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील बांधकामाचे स्वरूप गेल्या काही दशकांत पुष्कळ पालटले आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील जुनी घरे जाड भिंतींची असत. बिदरच्या पठारावर जांभा दगड, तर कलबुर्गीकडे शहाबादी फरशी हे बांधकामाचे नित्याचे साहित्य होते. आज बाजार समितीच्या आवारातील शेड, डाळमिलची गोदामे, शाळांच्या पटांगणांवरील छपरे आणि गावोगावच्या पाण्याच्या उंच टाक्या पोलादी नळ्यांवर, अँगलवर अथवा काँक्रीटच्या सडपातळ खांबांवर उभ्या राहतात. साहित्य थोडे लागते, काम लवकर उरकते व खर्चही आटोक्यात राहतो. परंतु जाड भिंतीला जे भय कधी नव्हते, ते या सडपातळ खांबांना आहे.

अशा कामांच्या आराखड्यासोबत आता संगणकीय पृथक्करणाचा अहवालही जोडण्यात येतो. त्यातील एखाद्या पानावर ‘बकलिंग फॅक्टर ३.५’ असा अंक आणि शेजारी वेडावाकडा झालेल्या सांगाड्याचे रंगीत चित्र छापलेले असते. फाइल पुढे पाठविणारा शाखा अभियंता, काम घेणारा कंत्राटदार व ठरावाला मान्यता देणारा पंचायत सदस्य यांच्या मनात हा अंक पाहून बहुधा एकच अर्थ उमटतो, तो म्हणजे बांधकाम साडेतीनपट मजबूत आहे. हा अर्थ बरोबर नाही. त्या अंकाचा खरा अर्थ काय, आणि तो केव्हा विश्वासार्ह मानावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी गुणाकार व भागाकार यांपलीकडचे गणित लागणार नाही. कलाशाखेच्या पदवीधराने लिहिलेल्या लेखात ते यावयाचे तरी कोठून?

प्रथम बाक म्हणजे काय ते पाहू. शाळकरी मुलाची लाकडी फूटपट्टी मेजावर उभी धरून वरून तळहाताने दाबावी. काही वेळ ती सरळ राहते आणि मग एका क्षणी एकाएकी बाजूला बाकते. लाकूड चिरडलेले नसते, तुटलेलेही नसते. हात काढताच पट्टी पुन्हा सरळ होते. तीच पट्टी अर्ध्यावर कापून दाबली, तर कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. द्रव्याची ताकद संपण्यापूर्वीच आकाराचे स्थैर्य संपणे, या घटनेला अभियंते ‘बकलिंग’ म्हणतात. मराठी परिभाषेत त्यासाठी ‘व्याकुंचन’ असा शब्द आहे, पण कामावर तो कोणी उच्चारीत नाही. या लेखात ‘बाक’ हाच साधा शब्द वापरला आहे. बिदरच्या किल्ल्यातील सोळा खांब मशिदीचे भरभक्कम गोल खांब पाहिले, की त्या काळच्या कारागिरांना हा प्रश्न का पडला नसावा हे ध्यानात येते. इतका जाड व बेताच्या उंचीचा दगडी खांब बाकण्यापूर्वी भरडून जाईल. बाक हा सडपातळपणाचा रोग आहे.

या रोगाचे गणित स्विस गणिती लेओनार्ड ऑयलर याने १७४४ मध्ये मांडले. त्याच्या सूत्रातील एकच गोष्ट येथे लक्षात ठेवावी. खांबाची बिनआधाराची लांबी दुप्पट झाली, की त्याची बाक-सोसण्याची शक्ती निम्मी होत नाही, ती चौथ्या हिश्श्यावर येते. तसेच या सूत्रात पोलादाची लवचिकता येते, पण त्याची ताकद येत नाही. उंच्या प्रतीचे, अधिक ताकदीचे पोलाद वापरून सडपातळ खांबाचा बाक टळत नाही, हे सत्य पुष्कळांना आश्चर्याचे वाटते.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. शेडच्या खांबासाठी १०० मिलिमीटर बाह्य व्यासाची, ४ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी घेतली आहे. उंची ४ मीटर, दोन्ही टोके जागेवर धरलेली पण फिरण्यास मोकळी, आणि खांबावर येणारा भार ५ टन. ऑयलरच्या सूत्राने या नळीचा बाक येण्याचा भार सुमारे १७.५ टन निघतो. त्याला ५ ने भागले, की ३.५ हा अंक मिळतो. संगणक जो भारगुणक छापतो तो हाच. ‘सर्व भार एकाच प्रमाणात वाढवीत नेला, सांगाडा अगदी सरळ व निर्दोष असला, पोलाद कितीही दाबले तरी दबले नाही, आणि आधार मी गृहीत धरले तसेच राहिले, तर साडेतीनपट भाराला सांगाड्याचा तोल सुटेल,’ एवढेच संगणकाचे म्हणणे असते. या वाक्यातील प्रत्येक ‘तर’ वेगळा तपासावा लागतो.

पहिला ‘तर’ पोलादाच्या ताकदीचा. तीच नळी २ मीटरच ठेवली, तर बाकाचा भार चौपट, म्हणजे सुमारे ७० टन होतो, व संगणक १४ हा भारगुणक दाखवितो. अंक पाहून समाधान वाटावे असा आहे. परंतु साधे पोलाद या नळीत सुमारे ३० टनांनाच कायमचे दबू लागते. चौदापटीचा भार कधी येणारच नाही. खांब त्याच्या निम्म्याच्याही आत निकामी झालेला असेल. म्हणून भारगुणक फार मोठा आला, तर ‘येथे बाक हा निर्णायक प्रश्न नाही, ताकद तपासा’ इतकाच त्याचा अर्थ घ्यावा. १४ या अंकाचा १४ या नात्याने काही उपयोग नाही.

दुसरा ‘तर’ आधारांचा, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत धोक्याचा. वरील ४ मीटरच्या खांबाचे वरचे टोक आडवे हलणार नाही असे आपण धरले. ते धरून ठेवण्याचे काम तिरप्या ब्रेसिंगच्या पट्ट्या करतात. शेड उभी राहताना ट्रॅक्टरला वळावयास जागा हवी म्हणून या पट्ट्या काढून टाकण्यात आल्या, तर खांब खाली घट्ट रोवलेला असला तरी वर मोकळा होतो. अशा खांबाचा बाकाचा भार १७.५ टनांवरून त्याच्या चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे ४.४ टनांवर येतो. भार ५ टनच आहे. भारगुणक ३.५ होता तो ०.८८ झाला. नळी तीच, पोलाद तेच, छपरही तेच. अहवालातील पानही फाइलमध्ये तसेच लावलेले राहते. ते आता ज्या शेडविषयी बोलत असते, ती शेड जागेवर अस्तित्वातच नसते.

या बाबतीत अमेरिकेतील हार्टफर्ड शहराच्या सभागृहाची हकीकत विस्ताराने सांगण्याजोगी आहे. संगणकीय पृथक्करणाच्या आधारे उभारण्यात आलेल्या छपरांपैकी ते एक. छप्पर ३०० फूट रुंद व ३६० फूट लांब, पोलादी दांड्यांच्या त्रिमितीय जाळीचे, आणि चारच खांबांवर तोललेले. एवढे गुंतागुंतीचे गणित हाताने करणे कठीण होते. संगणकामुळे ते शक्य झाले व पोलादातही बचत झाली. छप्पर जमिनीवरच जोडून १९७३ मध्ये वर उचलण्यात आले. जोडणीच्या वेळी मोजमाप केले असता ते संगणकाने वर्तविलेल्यापेक्षा सुमारे दुप्पट झुकलेले आढळले. ही गोष्ट अभियंत्यांच्या नजरेस आणून देण्यात आली. परंतु गणित व प्रत्यक्ष यांत असा फरक पडावयाचाच, असे उत्तर मिळाले.

दि. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराने ते संपूर्ण छप्पर कोसळले. आदल्या रात्री तेथे बास्केटबॉलचा सामना झाला होता व सुमारे ५,००० प्रेक्षक त्या छपराखाली बसले होते. काही तासांच्या अंतराने सर्वजण वाचले. नंतरच्या चौकशीत असे दिसून आले, की छपराच्या कडेवरील दाब सोसणारे दांडे मध्यभागी आधार दिलेले आहेत, म्हणजेच त्यांची बिनआधाराची लांबी १५ फूट आहे, असे गणितात गृहीत धरण्यात आले होते. प्रत्यक्षात तो आधार बाकाच्या दिशेने दांड्याला धरून ठेवीतच नव्हता आणि लांबी ३० फूट होती. लांबी दुप्पट, म्हणून शक्ती चौथा हिस्सा. चार अँगल जोडून केलेल्या अधिक-चिन्हाच्या आकाराचे हे दांडे पिळवटूनही बाकू शकत होते, असे काही तज्ज्ञांचे म्हणणे पडले. कोसळण्याच्या प्रमुख कारणाविषयी चौकशी करणाऱ्यांत एकमत झाले नाही. पण छपराने पाच वर्षे आधी दुप्पट झुकून जे सांगितले होते, ते ऐकून घेतले गेले नाही याविषयी दुमत नाही. संगणकाची बेरीज-वजाबाकी चुकलेली नव्हती. त्याला जो सांगाडा सांगण्यात आला तो हवेत उभा असलेला सांगाडा नव्हता.

तिसरा ‘तर’ सरळपणाचा. अगदी सरळ खांब जगात नसतो. गवंडी ओळंबा लावतो तो यासाठीच, आणि तरीही काही मिलिमीटरचा फरक राहतोच. पोलादी नळी कारखान्यातून येतानाच किंचित वाकलेली असते, वेल्डिंगच्या आचेने तीत अंतर्गत ताण राहतात, व भार नेमका मध्यावर पडत नाही. आपले पोलादी बांधकामाचे मानक, आय. एस. ८०० ची २००७ ची आवृत्ती, हे सर्व जमेस धरते. या मानकातील दाबाचे वक्र ज्या गणितावर बेतलेले आहेत, त्यात उंचीच्या सुमारे हजाराव्या भागाइतका मूळचा बाक गृहीत धरलेला आहे. या मानकानुसार वरील नळीला साडेअकरा टनांच्या आसपासच भार मान्य होतो, ऑयलरचे १७.५ टन हा केवळ कागदावरचा आदर्श. शिवाय दाब सोसणाऱ्या सदस्याची लांबी त्याच्या सडपातळपणाच्या परिमाणाने भागली असता नेहमीच्या भारासाठी १८० च्या वर जाऊ नये, अशी मर्यादाही तेथे आहे. ही नळी ६ मीटरच्या फार पुढे वापरता येत नाही ती यामुळे.

खांबाच्या बाबतीत आदर्श व वास्तव यांतील हे अंतर निदान आटोक्यातले असते. पातळ पत्र्याच्या गोल टाक्यांच्या बाबतीत ते भयंकर असू शकते. बिदर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या मळीच्या टाक्या, वाडी, सेडम, मळखेड परिसरातील सिमेंट कारखान्यांचे सायलो आणि धान्याच्या पोलादी कोठ्या ही आपल्याकडील त्याची उदाहरणे. अशा नळकांड्यावर वरून दाब देण्याच्या प्रयोगांत ती सूत्राने वर्तविलेल्या भाराच्या पाव-तृतीयांश भारालाच चुरमडलेली अनेकदा आढळली. असे का होते याचा उलगडा डच शास्त्रज्ञ कॉयटर याने १९४५ च्या आपल्या प्रबंधात केला. तो डच भाषेत असल्यामुळे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. अमेरिकेच्या ‘नासा’ने १९६७ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर काढले. पत्र्यावरील नखभर पोचा अशा टाकीची शक्ती कितीतरी पटींनी घटवू शकतो. म्हणून शेडच्या खांबासाठी ३.५ हा अंक ज्या नजरेने पाहावयाचा, त्या नजरेने तो सायलोसाठी पाहू नये. तेथे पोचे गृहीत धरून, भार पायरीपायरीने वाढवीत केलेले अरेषीय पृथक्करण मागावे. संगणकाने अनेक भारगुणक एकमेकांस चिकटून दिले, जसे ३.५०, ३.५२, ३.५५, तर तीही अशाच हळवेपणाची खूण समजावी.

आता रंगीत चित्राविषयी. त्यात खांब मीटरभर बाजूला गेलेला दिसतो आणि पाहणारा दचकतो. किंवा शेजारच्या पट्टीवर ‘१’ हा अंक पाहून ‘एवढेच ना’ म्हणून निश्चिंत होतो. दोन्ही प्रतिक्रिया निरर्थक आहेत. या चित्रातील विस्थापनाला परिमाण नसते. संगणक कोणत्या आकारात तोल सुटेल तेवढेच दाखवितो, किती सरकेल ते दाखवीत नाही. चित्रात पाहावयाचे ते हे, की हलते आहे कोण. संपूर्ण शेड एका बाजूला कलते आहे काय? तसे असेल तर ब्रेसिंग अपुरे आहे. एकच दांडा बाकतो आहे काय? तो दांडा जाड करून किंवा मध्ये आधार देऊन प्रश्न सुटेल. पत्र्याचा एखादा तुकडा नुसता फुगतो आहे काय? तो फारसा महत्त्वाचा नसेलही, पण मग पुढच्या आकारांचे भारगुणक मागवून मुख्य सांगाड्याचा अंक शोधावा लागतो.

चित्रात जे दिसत नाही त्याचेही भान हवे. पुष्कळदा कैचीचा प्रत्येक दांडा संगणकात केवळ ओढ-दाब घेणारी काठी म्हणून घातलेला असतो. अशा मांडणीत तो दांडा स्वतः बाकू शकतो हे संगणकाला ठाऊकच नसते. तो मुकाट्याने मोठा भारगुणक देतो. खांब वाकू शकणारा म्हणून घातला, पण एकाच तुकड्याचा ठेवला, तरी दोन मोकळ्या टोकांच्या खांबाला उत्तर सुमारे २२ टक्के वाढीव येते. दोन तुकडे केले की चूक एका टक्क्याच्या आत येते. खांबाचे किती तुकडे केले, एवढा एक प्रश्न विचारला तरी अहवाल करणाऱ्याची सावधगिरी कळून येते.

आपल्या भागात विशेष महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे. कधीकधी संगणक ऋण भारगुणक देतो, जसे उणे १.२. पुष्कळजण तो यंत्राचा दोष समजून सोडून देतात. त्याचा अर्थ असा, की भाराची दिशा उलटली, तर १.२ पटीलाच तोल जाईल. भार उलटतो केव्हा? एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाआधी जे वादळ सुटते, ते हलके पत्र्याचे छप्पर वर ओढते. एरवी कैचीच्या वरच्या दांड्यात दाब व खालच्या दांड्यात ओढ असते. वारा छप्पर उचलू लागला, की खालच्या दांड्यात दाब येतो. वरच्या दांड्याला पर्लिनने जागोजागी धरलेले असते. खालच्याला बहुधा कोणीच धरलेले नसते, आणि तो लांबच्या लांब बाजूला बाकतो. वादळानंतर ‘पत्रे उडाले’ एवढीच नोंद होते. कैचीचा खालचा दांडाही पाहिला जावा. ऋण अंक आला, तर वाऱ्याचा भार स्वतंत्रपणे घालून पृथक्करण पुन्हा करून घ्यावे, व खालच्या दांड्यांना आडवे बांध द्यावेत.

यावरून भारगुणक नेमका कशाला गुणतो हा प्रश्न येतो. तो त्या प्रकरणात घातलेल्या प्रत्येक भाराला सारखाच गुणतो. छपराचे स्वतःचे वजन, साठवण, वारा, सर्वांना. प्रत्यक्षात छपराचे वजन वाढत नाही, वारा वाढतो. टाकीत पाणी असते वा नसते. टाकीचे स्वतःचे वजन मात्र कायमचे. म्हणून एकाच अंकावर न थांबता भारांच्या निरनिराळ्या मिलाफांचे अंक मागावेत व त्यांतील लहान तो पाहावा. भार नेहमी वजनच असतो असेही नाही. कलबुर्गी, वाडीवरून जाणाऱ्या मुंबई-चेन्नई लोहमार्गावर मे महिन्याच्या दुपारी रूळ हवेपेक्षा पुष्कळ अधिक तापतात. जोडरहित ६० किलो वर्गाच्या रुळात दर अंश तापमानवाढीला सुमारे १.९ टन दाब साठतो. ३० अंश वाढीला तो ५७ टनांच्या घरात जातो. येथे भारगुणक २ आला, तर त्याचा अर्थ ‘६० अंश वाढीला रूळ बाकेल’ असा. आणि रुळाला बाजूने धरून ठेवते ती खडी असल्यामुळे, खडी उकरून ठेवलेल्या जागी तो अंक लागू पडत नाही.

कलबुर्गीचे पी. डी. ए. अभियांत्रिकी महाविद्यालय १९५८ पासून या भागात अभियंते घडवीत आहे. बिदर व भालकी येथेही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. शंकास्पद अहवाल तेथील तज्ज्ञांना दाखविणे अवघड नाही. पण त्याआधी जागेवर करण्याजोगे एक काम आहे व त्याला संगणक लागत नाही. आराखड्याचा कागद हातात धरून शेडभोवती फिरावे. अहवालात जेथे आधार दाखविला आहे, तेथे तो खरोखर आहे काय ते पाहावे. ब्रेसिंगच्या पट्ट्या मोजाव्यात. पायाचे बोल्ट आवळलेले आहेत काय, हे पान्याने पाहावे. खांबाच्या वरपासून खालपर्यंत दोरी ताणून मध्यभागी किती फट राहते ते मोजावे. ४ मीटरच्या खांबाला ४ मिलिमीटरच्या पुढे फट दिसली, तर नोंद करावी. पंधरा दिवसांनी तीच दोरी त्याच खांबाला पुन्हा लावावी. कॅनडातील क्वेबेक येथे बांधकाम चालू असलेल्या पुलाच्या एका दाबाच्या सदस्यातील बाक १९०७ च्या ऑगस्टमध्ये पाऊण इंचाचा होता. काही दिवसांतच तो सव्वादोन इंचांवर गेला. ही मापे घेण्यात आली होती व वरिष्ठांना कळविण्यातही आली होती. पत्रव्यवहार चालू असतानाच, दि. २९ ऑगस्ट रोजी, पूल कोसळून ७५ कामगार मृत्युमुखी पडले. दोरीच्या मापातील फट वाढत असल्याचे आढळल्यास खांबावरील भार त्याच दिवशी उतरवून घ्यावा, आणि पत्र नंतर लिहावे.